अयस्कांत आणि आमची टांच

आमच्या घराच्या माळ्यावर हल्लीं एक गादी गुंडाळून ठेवलेली आहे. ती फाटलेली नाहीं, मळलेलीहि नाहीं. पिंजाऱ्याकडून पुनः भरून घ्यावी म्हटलें तर तिच्यांत कापूसच नाहीं. फोमच्या दोन थरांमध्यें रुपयाएवढाल्या काळ्या चकत्या बसविलेल्या आहेत, आणि त्या चकत्या लोहचुंबकाच्या आहेत. तिच्यापायीं आम्हीं २८,००० रुपये मोजले. शाळामास्तराचें निवृत्तिवेतन ज्यांस ठाऊक आहे ते हा आंकडा वाचून थबकतील. आम्हीहि थबकलों होतों. पण पुरेसे थबकलों नाहीं. ही गादी आमच्या घरीं कशी आली, तिनें काय केलें आणि काय केलें नाहीं, हें आज सांगावयाचें आहे. त्यांत आमच्या हातून एक प्रमाद घडला आहे. तो झांकून ठेवावा असें बरेच दिवस वाटत होतें, म्हणून लिहिण्यास इतका काळ लागला.

२०१८ सालीं शाळेंतून निवृत्त झाल्यापासून रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढून जाण्याचा आमचा परिपाठ होता. २०२० सालीं करोनाची साथ आली आणि वर्षभराहून अधिक काळ आमचा गड म्हणजे घरची ओसरी झाली. पुढें वाट मोकळी झाली तेव्हां, साठी उलटलेल्या देहाची चढणीशीं नव्यानें ओळख करून द्यावी हें कांहीं आम्हांस सुचलें नाहीं. पहिल्याच आठवड्यांत आम्हीं गड गांठला, तोहि झिजलेल्या चपलांनीं. पंधरवड्यानें एके सकाळीं अंथरुणावरून उठून पहिलें पाऊल टेकतांच टांचेच्या वर तीन बोटांवर अशी कळ आली कीं आम्ही भिंत धरून उभे राहिलों. दहा-वीस पावलें चालल्यावर ती ओसरे. दुसऱ्या दिवशीं पुनः हजर. हात लावून पाहावें तों तेथें एक गांठीसारखा फुगवटा. घरांतल्या मंडळींनीं तिला 'शीर धरली' असें नांव दिलें. तेल चोळून झालें, विटकरीचा शेक झाला, एरंडाचीं पानें झालीं. जवळच्या डॉक्टरांनीं गोळ्या दिल्या. त्या घेतल्या तोंवर बरें वाटलें.

जी शीर म्हणून आपण म्हणतों ती खरोखर शीर नव्हे. सुश्रुतानें शारीरस्थानांत तिला कंडरा म्हटलें असून अशा कंडरा सोळा सांगितल्या आहेत. पैकीं चार पायांच्या. पोटरीचा स्नायु जिच्या योगानें टांचेच्या हाडास बांधलेला असतो ती ही जाड दोरी. युरोपांत तिला ग्रीक वीर अकिलीस याचें नांव आहे, कारण त्याच्या सर्व देहांत तेवढी टांचच दुबळी राहिली होती अशी कथा आहे. आम्ही वीर नव्हे, पण दुबळेपणाच्या बाबतींत आमचें त्याच्याशीं साम्य जुळलें.

अशा अवस्थेंत आमचे एक जुने विद्यार्थी भेटावयास आले. संस्कृतांत वर्गांत नेहमीं पहिले. अनुष्टुभ् छंद त्यांच्या तोंडून ऐकावा. मध्यंतरी त्यांचा धंदा बसला होता हें आम्हांस ऐकून ठाऊक होतें. वांकून नमस्कार केला, घरच्यांची विचारपूस केली, आमचें लंगडणें पाहून त्यांचे डोळे भरून आले (तें खोटें होतें असें आम्हांस आजहि वाटत नाहीं), आणि मग त्यांनीं पिशवींतून एक रंगीत पत्रक काढलें. रक्तांत लोह आहे. लोहचुंबक लोहास ओढतो. म्हणून चुंबकाच्या गादीवर निजल्यानें रक्त दुखऱ्या जागीं खेंचलें जातें, दाह शमतो, आणि तुटलेले तंतु सांधतात, असा त्या पत्रकाचा न्याय होता. प्रत्येक चकती ८०० गौसची असल्याचेंहि छापलें होतें. गौस म्हणजे काय हें त्यांस ठाऊक नव्हतें, आणि आम्हांसहि नव्हतें. आमचें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि त्यांतहि पदार्थविज्ञानाच्या तासाला आम्ही बाकाखालीं रघुवंश वाचीत असूं.

सौभाग्यवती आंतून म्हणाल्या, "आधीं घरांत सर्वांना विचारा." आमचें घर एकत्र आहे, वडील बंधु, धाकटे बंधु, दोघांचीं मुलें, नातवंडें. विचारावें हें खरें. पण विद्यार्थ्यासमोर नाहीं म्हणणें आम्हांस जमेना. शिवाय, आणि येथून आमच्या प्रमादास आरंभ होतो, आमच्या मनांत पांडित्याची एक उकळी आली. आम्हीं त्यांस सांगितलें कीं, लोहचुंबकास आपल्याकडे अयस्कांत म्हणतात. कालिदासानें कुमारसंभवांत उमेच्या रूपानें शिवाचें मन ओढून घ्यावयाचें म्हणतांना त्याचीच उपमा योजिली आहे. आणि सुश्रुतानें तर चिकित्सेंत अयस्कांत स्पष्ट नांव घेऊन सांगितला आहे. हें सारें खरें. त्यांनीं तें वहींत टिपून घेतलें. गादी घेण्याचें ठरलें.

आठ दिवसांनीं ओटीवर मंडळी जमली असतां तेंच पुराण आम्हीं पुनः लाविलें. ऐकणारांत पलीकडच्या वाड्यांतल्या काकू होत्या. यजमान जाऊन दहा वर्षें झालेलीं, मुलगा परदेशीं, आणि उजवा खांदा कित्येक महिने धरलेला. वेणी घालावयास हात मागें जाईना कीं फडताळांतला डबा काढावयास वर जाईना. आम्हीं सुश्रुताचें नांव घेतलें आणि काकूंनीं पोस्टांतल्या ठेवींतून २८,००० रुपये काढले. "मास्तर सांगतात म्हणजे पोथींतलें असणार," असें त्या सुनेला फोनवर म्हणाल्या, हें आम्हांस मागाहून कळलें.

गादीवर आम्ही पांच महिने निजलों. पहिले आठ दिवस फार बरें वाटलें. पुढें टांच होती तेथेंच आली. मध्येंच आमच्या नांवें १,५०० रुपयांचा एक धनादेश टपालानें आला. चौकशी केली तों असें कळलें कीं, गादी घेतल्याबरोबर आम्ही त्या व्यवहाराचे सभासद झालों होतों, आणि काकूंची गादी आमच्या 'खालीं' लागलेली होती. सौभाग्यवतींनीं तो कागद चष्मा लावून वाचला आणि एवढेंच म्हणाल्या, "हे काकूंच्या खांद्याचे." तो धनादेश आम्हीं वटविला नाहीं, पण परतहि लगेच पाठविला नाहीं. पंचांगांत घालून ठेवला.

उन्हाळ्याच्या सुटींत आमची भाची पुण्याहून आली. ती फिजिओथेरपिस्ट आहे. तिनें आमची टांच दोन बोटांत धरून दाबली, आम्ही ओरडलों, तिनें मान हालविली. मग म्हणाली, "मामा, गादी दाखवा." गादी पाहून ती हंसली नाहीं, याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहों. तिनें नातवंडांस बोलावून टांचण्यांची डबी आणविली. उघड्या चकतीस टांचण्या पटापट चिकटल्या. मध्यें एक घडी केलेलें धोतर ठेवलें, दोन-चार धरल्या. सोलापुरी चादरीची चौपदरी घडी ठेवली, एकहि हालेना. "चुंबकाचा जोर अंतराबरोबर फार झपाट्यानें उतरतो," ती म्हणाली, "फोम, चादर आणि कातडी ओलांडून तुमच्या कंडरेपर्यंत काय उरत असेल तें तुम्हीच पाहा." आमच्या सात वर्षांच्या नातवानें तेवढ्यांत चादर काढून टांचण्या पुनः चिकटविल्या आणि आजोबांची गादी अजून चालू आहे असा निर्वाळा दिला.

रक्तांतील लोहाचें काय, असें आम्हीं विचारलें. ती म्हणाली, रक्तांतलें लोह खिळ्यांतल्या लोहासारखें नसतें. एकेक अणु हिमोग्लोबिनाच्या रेणूंत सुटा बसविलेला असतो. १९३६ सालींच पाउलिंग आणि कोरिएल या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, प्राणवायु घेतलेलें रक्त चुंबकाकडे ओढलें तर जात नाहींच, उलट किंचित् दूर सारलें जातें. आणि प्राणवायु सोडलेलें ओढलें जातें तेंहि नांवापुरतें. मग ती आमच्या वडील बंधूंकडे वळून म्हणाली, "मोठ्या मामांची कंबर एम. आर. आय. यंत्रांत घातली होती ना? तें यंत्र बहुधा दीड टेस्लाचें असतें, म्हणजे १५,००० गौसचें. ८०० गौसनें दुखणें जात असेल तर तुमचें त्या अर्ध्या तासांत जावयास हवें होतें." दादा म्हणाले, "दुखणें तसेंच राहिलें, पैसे मात्र खेंचले गेले." घरांत त्या दिवशीं पुष्कळ हंशा झाला. आम्ही हंसलों, पण काकूंचा वाडा आमच्या ओटीवरून दिसतो.

येथवर ऐकून चुंबकोपचार म्हणजे सारें थोतांड, असा निष्कर्ष आम्ही काढूं लागलों, तेव्हां तिनें आम्हांस पुनः अडविलें. आमच्या समजुतीनें ही गोष्ट सर्वांत मोलाची, म्हणून जरा विस्तारानें सांगतों. स्थिर चुंबक आणि बदलतें चुंबकीय क्षेत्र हे दोन अगदीं निराळे पदार्थ आहेत. १८३१ सालीं फॅरडे यानें दाखविलें कीं, चुंबकीय क्षेत्र बदलत असेल तरच जवळच्या वाहकांत विजेचा प्रवाह उत्पन्न होतो. चुंबक नुसता पडून असेल तर कांहीं होत नाहीं. आमची गादी पडून होती आणि तिच्यावर आम्हीहि पडून होतों. उलट तारेच्या वेटोळ्यांतून विजेचे ठराविक ठोके सोडले म्हणजे भोंवतालचें क्षेत्र स्पंदन पावतें, आणि त्याच्या आटोक्यांतील पेशींत अतिसूक्ष्म प्रवाह उठतात. १९५७ सालीं फुकादा आणि यासुदा या जपानी संशोधकांनीं हाडावर दाब पडला असतां त्यांत वीज उत्पन्न होते हें प्रसिद्ध केलें. त्या धाग्यावरून पुढें न्यूयॉर्कचे अस्थितज्ज्ञ बॅसेट यांनीं न सांधणाऱ्या हाडांवर अशीं वेटोळीं वापरलीं. आणि १९७९ सालीं अमेरिकन सरकारच्या औषध-खात्यानें त्या कामासाठीं या उपकरणास मान्यता दिली.

हाडाचें झालें, कंडरेचें काय? १९८४ सालीं 'लॅन्सेट' या विलायती वैद्यकीय पत्रांत खांद्याच्या कंडरांविषयीं एक प्रयोग छापून आला. सुया-औषधांनीं बरे न झालेले २९ रोगी घेतले. १५ जणांस चालू वेटोळें, १४ जणांस हुबेहूब तसेंच पण बंद. कोणास काय हें रोग्यासहि ठाऊक नाहीं आणि तपासणारासहि नाहीं. चार आठवड्यांनीं चालू वेटोळेंवाले स्पष्टपणें पुढें होते. मग सर्वांसच चालू वेटोळें दिलें, फरक मिटला. सोळा आठवड्यांअखेर २९ पैकीं १९ जणांस कांहींच त्रास उरला नव्हता. हें वाचून आम्हांस प्रथम आनंद झाला. मग जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्याची खोड जागी झाली. सर्वांसच खरें वेटोळें दिल्यावर, शेवटचा गुण वेटोळ्याचा कीं नुसत्या काळाचा, हें कशावरून ठरवावें? आणि २९ ही संख्या ती काय? आमच्या एका तुकडींत त्याहून दुप्पट मुलें असत. भाची म्हणाली, "बरोबर बोललांत." २००६ सालच्या एका प्रयोगांत उंदरांची हीच टांचेची कंडरा कापून शिवली आणि तिला असें स्पंदनशील क्षेत्र दिलें, तीन आठवड्यांत तिची ताण सोसण्याची शक्ति, क्षेत्र न दिलेल्या उंदरांहून ६९ टक्क्यांपर्यंत अधिक भरली. पण उंदीर तो उंदीर, आणि कापलेली दोरी निराळी, झिजलेली निराळी. स्थिर चुंबकाची परीक्षा मात्र माणसांवरच झाली: २००३ सालीं अमेरिकेंत तळव्याच्या टांचदुखीचे १०१ लोक घेऊन कांहींच्या जोड्यांत चुंबकाच्या आणि कांहींच्या जोड्यांत खोट्या तळपट्ट्या घातल्या. दोघांसहि सारखेंच बरें वाटलें.

म्हणजे खोट्यानेंहि बरें वाटतें! हें कांहीं नवें नव्हे. १७८४ सालीं फ्रान्सच्या राजानें मेस्मर याच्या 'प्राणिज चुंबका'ची परीक्षा करण्यास मंडळ नेमलें. त्यांत फ्रँकलिन होते, लाव्हॉइझिए होते. बागेंतलें एक झाड चुंबकित केलें असें सांगून एका मुलास डोळे बांधून झाडाझाडाशीं नेलें; तो चौथ्याच झाडाशीं मूर्च्छित पडला, आणि तें झाड तें नव्हतेंच. आमचे पहिले आठ दिवस आम्हांस लगेच आठवले.

असो. आमच्या टांचेचा उपाय भाचीनें वेगळाच सांगितला. जुनाट कंडरेंत दाह थोडा आणि झीज फार असते; तंतु, जे वळलेल्या सुंभासारखे एका दिशेनें असावे, ते विस्कटतात; तेथें रक्तपुरवठाहि बेताचा. अशा दोरीस विश्रांति देऊन ती सुधारत नाहीं. तिला मापानें ताण द्यावा लागतो. स्वीडनांतील आल्फ्रेडसन नांवाच्या शल्यवैद्याची स्वतःचीच कंडरा दुखत असे, आणि वरिष्ठ शस्त्रक्रिया करीनात, तेव्हां ती तोडूनच घ्यावी म्हणजे त्यांस करावी लागेल अशा हट्टानें त्यानें टांचेवर भार घालावयास आरंभ केला आणि ती तुटण्याऐवजीं बरी झाली, असें सांगतात. १९९८ सालीं त्यानें ही रीत १५ धावपटूंवर वापरून प्रसिद्ध केली. पायरीच्या कडेवर चवड्यांनीं उभें राहून टांच सावकाश खालीं सोडावयाची, गुडघा सरळ ठेवून पंधराचीं तीन आवर्तनें, वांकवून तीन, सकाळीं आणि संध्याकाळीं, बारा आठवडे. हिशेब केला तर दिवसाचे १८० भार होतात. सूर्यनमस्कार घालणारास ही संख्या भिववीत नाहीं.

आम्हीं जोत्याची शेवटची पायरी धरली. पहिले तीन आठवडे दुखणें वाढलें. भाचीनें तें आधींच बजावलें होतें. तिच्या ओळखीच्या एका दवाखान्यांत वेटोळ्याचें यंत्र होतें, तेथेंहि आम्ही दहा वेळां अर्धा अर्धा तास पाय घालून बसलों. आमच्या छातींत पेसमेकर नाहीं ना, असें तेथें प्रथम विचारलें. ज्यांच्या आहे त्यांनीं या यंत्राच्या वाटेस जाऊं नये. तेथें बसलें असतां कांहींच जाणवत नाहीं. ऊब नाहीं, झिणझिण्या नाहींत. दहाव्या आठवड्यांत सकाळचें पहिलें पाऊल कळ न येतां पडलें. तें पायरीनें कीं वेटोळ्यानें, हें आमच्यानें सांगवत नाहीं. दोन्ही एकदम केल्यावर तें कोणाच्यानेंच सांगवणार नाहीं. आमचा कल पायरीकडे आहे, कारण तिच्या पाठीशीं पुष्कळ लोकांचे प्रयोग आहेत. आणि खरें बोलावयाचें तर तिला पैसे पडले नाहींत.

पण याच्या कितीतरी आधीं, भाची आली त्याच्या दुसऱ्याच दिवशीं, आम्ही तिला घेऊन काकूंकडे गेलों होतों. काकूंनीं हंसून सांगितलें कीं गादीनें झोंप छान लागते. खांदा? खांदा आहे तसाच. पण आतां मास्तरांची गादी आहे म्हणून डॉक्टरांचें सोडलें. भाचीनें हात वर करून पाहिला, वळवून पाहिला; तो वळेचना. तिनें काकूंस तहान लागते का, रात्रीं उठावें लागतें का, असे निराळेच प्रश्न विचारले आणि रक्त तपासावयास सांगितलें. साखर फार चढलेली निघाली. मधुमेह असणारांचा खांदा असा आंखडतो, हें पुष्कळदां आढळतें म्हणे. ती तपासणी पांच महिने आधीं झाली असती. ते पांच महिने काकू आमच्या सुश्रुतावर निजल्या होत्या.

घरीं येऊन आम्हीं पोथी काढली. सूत्रस्थानांत शरीरांत रुतलेलें शल्य काढण्याचे पंधरा उपाय सांगितले आहेत, त्यांत चवदावा अयस्कांत. तोहि केव्हां, तर शल्य लोहाचें, सुटें, कांटे नसलेलें, आणि व्रणाचें तोंड मोठें असेल तेव्हां. बाण काढावयाचा उपाय तो. दाहाचा तेथें शब्द नाहीं, कंडरेचा नाहीं. हें आम्हांस त्या दिवशीं नव्यानें कळलें असें नव्हे. ओटीवर बोलत असतांहि ठाऊक होतें. उरलेलें वाक्य सांगितलें नाहीं, इतकेंच.

काकूंस आम्हीं सर्व सांगितलें आणि २८,००० रुपये चार हप्त्यांनीं देतों म्हणालों. त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "पैसे मी घेणार. तुमच्यावर विश्वास ठेवला तो फुकट नव्हे." आम्हांस तें लागलें, आणि बरेंहि वाटलें. चारहि हप्ते पोंचते केले.

दिवाळींत विद्यार्थी नमस्कारास आले. पंचांगांतला धनादेश आम्हीं त्यांच्या हातांत दिला आणि ही विक्री सोडा असें सांगितलें. ते म्हणाले, "गुरुजी, गादी खपते ती पत्रकावर नाहीं. तुम्हीं सुश्रुताचें सांगितलेंत ना, तेंच मी जिथेंतिथें सांगतों. तुमचें नांव घेऊन सांगतों." त्यांच्या डोळ्यांत कृतज्ञता होती. आम्हीं पोथी पुढें ओढून तो अध्याय त्यांच्याकडून मोठ्यानें वाचून घेतला, अर्थासह, जसा वर्गांत घेत असूं. शल्य या शब्दापाशीं ते थांबले. अन्वय त्यांचा अजूनहि चोख आहे. ते चहा न घेतां गेले, आणि त्यानंतर आलेले नाहींत. त्यांनीं विक्री सोडली कीं आमचें नांव घेणें सोडलें, हें विचारावयाचें अद्याप आमच्या जिवावर येतें.

काकूंची साखर आतां औषधानें आटोक्यांत आहे. खांद्यासाठीं भाचीनें भिंतीवर बोटें चढवीत नेण्याचा व्यायाम दिला; जेथवर बोटें पोंचतील तेथें पेन्सिलीची खूण करावयाची. ती खूण करावयास रोज संध्याकाळीं आम्ही जातों. पहिली खूण आमच्या खांद्याच्या उंचीवर होती. वर्षभरांत ती दिनदर्शिकेच्या खिळ्यापर्यंत आली, आणि गेल्या आठवड्यांत काकूंनीं फडताळांतला लोणच्याचा डबा उजव्या हातानें काढला. डबा रिकामा होता. पण त्यांनीं तो खालीं ठेवला, झांकण पुसलें, आणि पुनः वर ठेवून दाखविला.